स्पितीतल्या चोमोंसाठी लाखभर रुपये कसे उभे केले, आणि तुम्हाला करायचे असतील तर

जय भीम आणि जुले (तिकडचा नमस्कार) सगळ्यांना. आमच्या नाशिकच्या विहारातल्या बायकांनी मिळून हिमाचलमधल्या स्पितीतल्या एका छोट्या चोमो गोम्पासाठी, म्हणजे भिक्षुणींच्या मठासाठी, पैसे गोळा केले त्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात की ताई हे नेमकं केलं कसं, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू. दरवेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते. आम्ही काही मोठी संस्था नाही, वीस-बावीस बायका, चार-पाच ट्रेकिंगवाली मुलं आणि एक रिटायर्ड अकाउंटंट काका एवढेच आहोत. त्यामुळे हे सगळं लाख-दीड लाखाच्या कामासाठी आहे, कोटीची शाळा बांधायची असेल तर त्याचं गणित वेगळं.

पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. पैसे गोळा करायच्या आधी विचारा. म्हणजे तिथल्या माणसांना विचारा की तुम्हाला काय हवंय. मला माहितीय हे ऐकायला फार साधं वाटतं पण आम्हीच पहिल्या वर्षी नाही विचारलं. आमच्यातली काही मुलं स्पिती फिरून आली, थंडीच्या गोष्टी सांगितल्या, आणि आम्ही लगेच कपडे गोळा करायला घेतले, चौदा खोकी भरली. त्यात अर्ध्या साड्या, शाळेचे जुने युनिफॉर्म, आणि नाशिकच्या थंडीचे पातळ स्वेटर. ट्रान्सपोर्टला सतरा हजार रुपये गेले, माल ऑक्टोबरच्या शेवटी पोचला, वरचा रस्ता तोपर्यंत बंद व्हायला आलेला, खोकी हिवाळाभर खालीच एका गोडाऊनमध्ये पडून राहिली आणि उन्हाळ्यात वर गेली तेव्हा निम्म्यांना बुरशी. पुढच्या वर्षी मी स्वतः गेले तेव्हा तिथल्या एका मोठ्या आनीजींनी (भिक्षुणींना असंही म्हणतात) चहा हातात देऊन इतक्या हळू आवाजात सांगितलं, "दीदी, अगली बार पहले पूछ लेना." रागावल्या नव्हत्या अजिबात. पण मी ते वाक्य विसरले नाही. सतरा हजारात तिथे काय काय झालं असतं हे मला आता माहितीय म्हणून जास्त लागतं.

तर विचारायचं कोणाला. स्पितीत जवळपास प्रत्येक गावात महिला मंडळ असतं, हिमाचलमध्ये ही मंडळं चांगली भक्कम असतात, गावाच्या कामात त्यांचा शब्द चालतो. आपलं महिला मंडळ आणि त्यांचं महिला मंडळ असं थेट बोलणं सुरू झालं की निम्मं काम झालं समजा. शिवाय गावचा नंबरदार असतो, पंचायतीचे प्रधान असतात. लडाख किंवा झांस्करला जाल तर गावच्या प्रमुखाला गोबा म्हणतात. गोम्पासाठी काही करायचं असेल तर गोम्पाच्या कमिटीशी बोला, पण गावाशीही बोला, कारण गोम्पा आणि गाव तिकडे वेगळे नसतात, त्याच घरातली मुलं-मुली तिथे असतात. स्पितीतलं मुख्य गाव काझा, तिथे इकोस्फिअरसारख्या संस्थांचे लोक वर्षानुवर्षं ग्रीनहाऊस आणि उन्हाने तापणाऱ्या खोल्यांवर काम करतायत, अशांना विचारलं की कुठलं काम टिकतं आणि कुठलं नाही हे कळतं.

आणि विचारताना "तुम्हाला काय पाहिजे" असा मोघम प्रश्न विचारू नका, कारण पाहुण्याला तिथली माणसं काहीच नको म्हणतात, फार मानी माणसं आहेत. असं विचारा की मागच्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त अडचण कशाची झाली? आम्ही हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं खोल्यांचं. डिसेंबर ते मार्च बाहेरचं काम बंद, म्हणजे चोमोंच्या अभ्यासाचे खरे महिने तेच, आणि नेमकं तेव्हाच खोलीत बसवत नाही. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, गावं त्याहून उंच, हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-पंचवीस जातो. एकच खोली बुखारी, म्हणजे तिकडची लोखंडी शेगडी, लावून गरम ठेवायची आणि सगळ्यांनी तिथेच बसायचं, तिथेच स्वयंपाक, तिथेच पाठ. लाकूड खालून ट्रकने येतं ते महाग, शेणाच्या गोवऱ्या पुरत नाहीत. मग त्यांनीच सांगितलं की दक्षिणेकडच्या भिंतीला मोठ्या डबल काचेच्या खिडक्या बसवल्या तर दिवसभराचं ऊन आत येतं, हिवाळ्यात सूर्य खाली असतो त्यामुळे ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं, जाड मातीच्या भिंती ती ऊब धरून ठेवतात आणि संध्याकाळी उशिरापर्यंत बुखारी लावायला लागत नाही. शेजारच्या गावात त्यांनी बघितलं होतं. दोन खोल्या करायच्या होत्या. बास, हे आमचं काम ठरलं.

इथे थोडं थांबून सांगते की चोमोच का, कारण देणारे हमखास विचारतात. स्पितीत जुन्या रीतीनुसार थोरल्या मुलाला जमीन मिळायची आणि धाकटे मुलगे गोम्पात जायचे, मोठ्या गोम्पांना गावांचा आधार असतो, पूजेला बोलावणी असतात, दान येतं, टुरिस्टही जातात. मुलींच्या गोम्पांना हे फार कमी. पूर्वी तर चोमो झालेली मुलगी घरीच राहून शेतात राबायची, शिकायला मिळायचंच असं नाही. आता त्या तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वादविवाद सगळं शिकतायत आणि आपण सावित्रीमाई आणि बाबासाहेबांच्या लेकी, मुलींच्या शिकण्यासाठी पैसे द्यायला आपल्याला कोणी वेगळं पटवून द्यायला लागत नाही. आमच्या विहारात एका मावशींनी एवढं ऐकूनच पदराची गाठ सोडली.

आता खर्चाचा कागद. हा कागद हातात असल्याशिवाय एक रुपया मागू नका. तिथल्या सुताराकडून आणि कमिटीकडून भाव घ्या, आपल्याकडचे भाव धरू नका. आमचा कागद असा होता: काच आणि लाकडी चौकटी ५२,०००, मालाची वाहतूक ११,०००, सुतार आणि मजुरी २४,०००, छताची डागडुजी आणि ऊब टिकवायला मातीखालचा थर ९,०००. झाले ९६,०००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी म्हणजे ९,६००. एकूण १,०५,६००. ते दहा टक्के काढून टाकायचा मोह होतो, आकडा लाखाच्या आत दिसतो म्हणून, पण काढू नका, आमच्या दोन काचा वाटेत फुटल्याच आणि ३,४०० रुपये त्यातूनच गेले. छताचे पैसे का, तर तिकडची छतं मातीची आणि सपाट, बर्फ झाडून काढता येतो पण हल्ली पाऊस जास्त पडायला लागलाय आणि माती गळते, हेही त्यांनीच सांगितलं, आमच्या डोक्यात सुद्धा आलं नसतं.

वाहतुकीचं एक बारीकसं पण कामाचं. मनालीकडून अटल टनेल झाल्यापासून, म्हणजे २०२० पासून, लाहौलपर्यंत जाणं सोपं झालंय, पण स्पितीला वळल्यावर ग्राम्फूपासून कुंझुम खिंड ओलांडून लोसरपर्यंतचा रस्ता दगडधोंड्यांचा आणि नाल्यांचा, आणि कुंझुम साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा. नकाशावर जवळचा दिसतो म्हणून आम्ही तिकडून काच मागवणार होतो. सुतार म्हणाला काच आणायचीय तर रामपूर, रेकाँग पिओ, किन्नौरकडून आणा, लांब पडेल पण फुटणार कमी, आणि ती बाजू जवळजवळ बाराही महिने चालू असते. गवतात गुंडाळून, उभ्या लावून आणल्या. आडव्या रचल्या की फुटतात.

मग कॅलेंडर मांडा, आणि ते उलटं मांडा. वर बांधकाम होतं मे अखेर ते सप्टेंबर, त्यानंतर रात्री पाणी गोठतं, सिमेंट धरत नाही, मातीचा गिलावा वाळत नाही. म्हणजे माल जूनमध्ये गावात हवा, म्हणजे पैसे एप्रिल-मेमध्ये त्यांच्या हातात हवेत, म्हणजे तुम्ही गोळा करायला सुरुवात दिवाळीच्या आधी केली पाहिजे. जूनमध्ये ट्रिपला जाऊन आलात, भारावून गेलात आणि जुलैत पैसे मागायला लागलात तर ते काम पुढच्याच वर्षी होणार हे धरून चाला, आणि लोकांना तसं खरं सांगा. आमचं चक्र आता असं बसलंय की वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज जमतोच, तेव्हा विषय मांडायचा, अश्विन पौर्णिमेला कागद सगळ्यांना वाचून दाखवायचा, तिथून पुढे गोळा करायचं आणि १४ एप्रिलला शेवटचं आवाहन. वैशाख पौर्णिमेपर्यंत मालाचे पैसे पाठवून मोकळं व्हायचं.

पैसे कशातून उभे राहिले ते सगळं सांगते, आकड्यांसकट, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

सगळ्यात जास्त जमले महिना शंभर रुपयांतून. सेहेचाळीस जणांनी सहा महिने दिले, २७,६०० झाले. एकदम पाचशे मागितले की माणूस विचार करतो, शंभर रुपये चहा-नाश्त्याला जातात, ते देतो. पण दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आठवण करणारी एक व्यक्ती पाहिजे, आणि ती गोड बोलणारी पाहिजे. आमच्याकडे एका मावशींनी हे काम केलं, त्या कोणाला पैशांचं विचारायच्याच नाहीत, फोन करून तब्येत विचारायच्या, समोरचाच म्हणायचा अरे मावशी राहिलंच की.

दिवाळीच्या फराळातून २२,४०० सुटले. चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, तीनच पदार्थ. पहिल्यांदा आठ पदार्थ करायचं ठरत होतं, अनारसे चकल्या सगळं, पण मोठ्या प्रमाणावर चकली बिघडली की सगळा नफा त्यात जातो, म्हणून नाही केलं ते बरंच झालं. ऑर्डर आधी घ्या, पैसे आधी घ्या, मग सामान आणा. घाऊक किराणा दुकानदाराला कशासाठी करताय ते सांगितलं तर भाव कमी करून देतो, आमच्याने पोहे आणि दाणे खरेदीच्या भावात दिले. आणि हो, कष्ट मोजा. चार बायका आठ दिवस राबल्या तर त्यांचं नाव घेऊन सगळ्यांसमोर सांगा, नुसतं "मंडळातर्फे" म्हणू नका.

भिशी. आमची वीस जणींची पाचशेची भिशी आहे, सगळ्यांनी मिळून ठरवलं की एक नंबर चोमोंचा. म्हणजे एका महिन्याची चिठ्ठी काढायचीच नाही, ते दहा हजार सरळ फंडात. ज्यांच्याकडे भिशी चालते त्यांनी हे नक्की करून बघा, कोणावर वेगळा भार येत नाही आणि बायकांना वाटतं की आपल्यात एक मैत्रीण अजून आहे, ती लांब राहते एवढंच.

रद्दीतून ८,३२०. तीन महिन्यांत ६४० किलो, किलोला १३ रुपये मिळाले. ह्यात पैसे कमी आणि धावपळ खूप, पण सोसायटीतली लहान पोरं ह्यात येतात, घरोघरी जाऊन कशासाठी ते सांगतात, त्यामुळे नाव पसरतं. मी तर म्हणेन रद्दी सगळ्यात आधी करा, पैशांसाठी नाही, माणसांसाठी.

स्लाइड शोचे १४,८००. ट्रेकवाल्या मुलांनी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून फोटो दाखवले, तिकीट नाही ठेवलं, दारात डबा ठेवला. ह्यात आम्ही एक नियम केला की चोमोंचे किंवा मुलांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय दाखवायचे नाहीत, आणि फाटके कपडे, शेंबडी नाकं असे फोटो तर मुळीच नाहीत. हे मी जरा जोर देऊन लिहितेय. आपल्या वस्तीवर बाहेरच्यांनी येऊन फोटो काढलेले आणि पेपरात "बिचारे" म्हणून छापलेले आपल्या आई-वडिलांनी सोसलंय, आपण तेच दुसऱ्याला करायचं नाही. स्पितीतली माणसं भिकारी नाहीत, हिरव्या मटाराचं पीक घेतात जे खाली मोठ्या बाजारात जातं, होमस्टे चालवतात, जव पिकवतात. त्यांना एका कामाला हात हवाय एवढंच आहे ते. आवाहनात "गरीब", "मागासलेले", "दुर्गम भागातील उपेक्षित" असे शब्द आले की मी खोडते.

उरलेले २४,५०० रुपये १४ एप्रिलच्या आवाहनातून आले. सगळे मिळून १,०७,६२०.

आवाहन कसं लिहायचं त्यावर फार वेळ घालवू नका, पण तीन गोष्टी त्यात पाहिजेतच: काम काय, किती रुपयांचं आणि हिशोब कुठे बघायला मिळेल. आमचा मेसेज असा होता, तुमचं नाव घालून वापरा खुशाल: "जय भीम. स्पितीतल्या एका चोमो गोम्पात अभ्यासाच्या दोन खोल्यांना उन्हाच्या खिडक्या बसवायच्या आहेत. एकूण खर्च १,०५,६००, आतापर्यंत ८३,१२० जमले. एका काचेचा खर्च साधारण २,००० रुपये. अर्धी काच, पाव काच, जमेल ते द्या. हिशोब दर रविवारी विहाराच्या फळ्यावर आणि ग्रुपवर लावला जातो. नगद दिली तर पावती नक्की मागा." बास. काचेचा खर्च लिहिल्यावर फरक पडला, लोक फोन करून सांगायला लागले की माझी एक काच धरा, आईच्या नावाने एक धरा. त्या मोहिमेत बाराजणांनी तरी काच म्हणूनच पैसे दिले.

आता कागदपत्रांचं. कंटाळवाणं आहे पण इथे चूक झाली तर नाव जातं, म्हणून नीट वाचा.

पैसे कोणा एकीच्या स्वतःच्या खात्यात, नेहमीच्या व्यवहारात मिसळून घेऊ नका, कितीही विश्वासाची असली तरी. तिच्यासाठीच ते वाईट, उद्या इन्कम टॅक्सने विचारलं की हे कुठून आले तर ती एकटी उत्तर देत बसणार. आम्ही काय केलं, ज्यांना ऑनलाइन द्यायचे होते त्यांना सरळ गोम्पाच्या नोंदणीकृत सोसायटीचं खातं दिलं, खातं सोसायटीच्या नावावर आहे का, पॅन आहे का, नोंदणीचं सर्टिफिकेट हे सगळं आधी मागवून काकांनी तपासलं. कोणा व्यक्तीच्या नावाचं खातं दिलं तर थांबा आणि शांतपणे विचारा. फराळ, रद्दी, डबा असे नगद पैसे आमच्या विहाराच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात वेगळी नोंद करून भरले आणि तिथून ट्रान्सफर केले. तुमच्याकडे ट्रस्ट नसेल आणि महाराष्ट्रात लोकांकडून जाहीर वर्गणी काढायची असेल तर गणेश मंडळं जशी दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी घेतात तशी घ्या, किंवा ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या, तेच सोपं. लकी ड्रॉच्या भानगडीत पडू नका, लॉटरीचे कायदे आडवे येतात.

ऐंशी-जी, म्हणजे १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं देणगीवर सूट देणारं कलम. लोक विचारतात सूट मिळेल का. संस्थेकडे ऐंशी-जी नोंदणी असेल तरच, आणि जुन्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्यालाच, आणि नगद दोन हजारांच्या वर दिले तर त्यावर नाही. नुसती पावती पुरत नाही, संस्थेकडून देणगीचं ठरलेलं सर्टिफिकेट यावं लागतं. छोट्या गोम्पाच्या सोसायटीकडे हे बऱ्याचदा नसतं. नसेल तर लोकांना सरळ सांगा नाही म्हणून. आमच्या देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याने फरक पडला.

परदेशातले पैसे, इथे खरंच जपा. आमच्या एकीचा भाचा अमेरिकेत, तो म्हणाला मी पाचशे डॉलर पाठवतो, ऑफिसमधले मित्रही देतील. परदेशी नागरिकाकडून पैसे घ्यायचे तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ते पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावे लागतात. नोंदणी नसताना घेतले तर गुन्हा आहे, आणि अडकणार ते वर गोम्पातले लोक, आपण नाही. ओसीआय कार्डवाले पण परदेशीच धरतात. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतले पैसे नेहमीच्या बँकेच्या मार्गाने देत असेल तर त्याला ते बंधन नाही. आणि एका संस्थेकडे एफसीआरए आहे म्हणून तिथे घेऊन दुसरीला द्यायचे हेही २०२० च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. भाच्याचा पासपोर्ट भारतीय होता म्हणून त्याचे घेतले, मित्रांना नम्रपणे नाही म्हटलं. वाईट वाटलं पण केलं.

हिशोबाची वही काका ठेवतात, पण सही दोघींची लागते, आणि दर रविवारी वंदनेनंतर फळ्यावर आकडा लिहिला जातो, एवढे जमले, एवढे बाकी. तिथून बिलांचे फोटो येतात ते जसेच्या तसे ग्रुपवर टाकतो. फंडातून आमच्यापैकी कोणाच्याही प्रवासाचा, जेवणाचा, अगदी चहाचाही खर्च होत नाही, जो जाईल तो स्वतःच्या पैशाने जाईल. हा नियम पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवून घ्या, नंतर ठरवायला गेलं की माणसं दुखावतात. आणि सगळे पैसे एकदम पाठवू नका, आम्ही मालासाठी आधी ६३,०००, काम अर्धं झाल्यावर बाकीचे असं केलं, ते त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, त्यांनीच सांगितलं की तसं बरं पडतं, सुतारही कामावर टिकून राहतो.

काम झाल्यावर कोणीतरी जाऊन यावं असं मला वाटतं, पण गेलंच पाहिजे असं नाही. एक माणूस जायचा-यायचा खर्च बघितला तर त्यात अजून एक खिडकी होते. आम्ही तिघी गेलो ते कारण आनीजींनी बोलावलं होतं. जाताना शिमल्याकडून जा, हळूहळू चढत, ताबोला थांबा, तिथलं गोम्पा ९९६ सालचं आहे, आत मातीच्या भिंतीवर हजार वर्षांपूर्वीची चित्रं, बघून आमच्या मावशी म्हणाल्या की आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतून निघालेला धम्म बघ कुठवर आला. पहिले दोन दिवस पाणी प्या, धावपळ करू नका, डोकं दुखायला लागलं तर अंगावर काढू नका. स्तूप आणि मणी भिंतीला (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) नेहमी उजवीकडे ठेवून चाला, पूजेच्या खोलीत चपला बाहेर, पाय देवळीकडे करून बसू नका. मुलांना चॉकलेट किंवा पैसे वाटू नका, काही न्यायचंच असेल तर शिक्षिकेच्या हातात द्या. आणि तिकडची पूजा, मुखवटे, लोण्याचे दिवे, हे आपल्या विहारापेक्षा वेगळं आहे. आपल्यात वाढलेल्या माणसाला प्रश्न पडतात, मलाही पडले. पण पाहुणी म्हणून गेले होते, शिकवायला नाही.

एक प्रसंग सांगते. संध्याकाळी नव्या खोलीत सगळ्या बसलो होतो, बाहेर वारा सुटलेला, सप्टेंबर होता, आणि बुखारी न लावताही खोलीत ऊब होती, मी मुद्दाम मागच्या भिंतीला हात लावून बघितला, भिंत कोमट लागत होती. आनीजी म्हणाल्या तुमची वंदना म्हणा. आम्ही तिघींनी बुद्धं सरणं गच्छामि म्हटलं. मग त्यांनी त्यांचं म्हटलं, संग्ये ला क्याब सु छिओ. अर्थ तोच. मग एकदा आम्ही, एकदा त्या, असं तिन्ही शरणं झाली, आणि त्यातली सगळ्यात छोटी, असेल बारा वर्षांची, तिला आमचं पाली ऐकून इतकं आवडलं की ती निघेपर्यंत मागे लागून शिकत होती. मी फोटो नाही काढला.

अजून दोन-तीन गोष्टी राहिल्या. पूर, ढगफुटी असं काही झालं तर वरचं कॅलेंडर बाजूला ठेवा. लेहला ऑगस्ट २०१० मध्ये ढगफुटी झाली, झांस्करमध्ये २०१५ च्या मे महिन्यात दरडीने अडलेलं पाणी फुटून फुगतालच्या नदीवरचे पूल वाहून गेले, अशा वेळी पहिल्या आठवड्यात तिथे आधीपासून काम करणाऱ्यांना पैसे द्या, सामान पाठवू नका, रस्ताच नसतो. आणि तीन महिन्यांनी परत फोन करून विचारा आता काय अडलंय, कारण तेव्हा बाकी सगळे विसरलेले असतात. झांस्करला मदत करायची असेल तर शिंकू ला खिंडीवरून दारचा ते पदुम रस्ता २०२४ मध्ये लेहजवळच्या निम्मूपर्यंत जोडला गेलाय, पण हिवाळ्यात बर्फाने बंद होतोच, तर मालाचं नियोजन उन्हाळ्याचंच धरा. अरुणाचलात तवांगकडे कोणी जात असेल तर आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं, ते आधी काढा.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला सांगितलं की नुसतं देऊ नका, आमचंही काही विका. आता गावच्या महिला मंडळाचा छरम्याचा (तिकडच्या आंबट नारिंगी फळांचा) चहा आणि हाताने विणलेले लोकरीचे मोजे आम्ही नाशिकला आणतो, भाव त्या ठरवतात, त्यावर आम्ही काही चढवत नाही आणि घासाघीसही करू देत नाही. मोज्यांना डिसेंबरमध्ये मागणी असते पण माल ऑक्टोबरच्या आत खाली यायला हवा, तर ऑर्डर वर्षावासातच देऊन ठेवा.

गोम्पाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एकाच जागी सगळ्यांनी पैसे पाठवण्यापेक्षा तुम्ही तुमचं गाव शोधा, एका प्रवासात ओळख होते, आणि ज्या घरी राहिलात त्या घरच्या ताईंचा नंबर घेऊन ठेवलात तर तिथूनच सुरुवात होते. त्यांच्या हिवाळ्यात फोन करत जा, पैशांसाठी नाही, असंच. लाइन लागत नाही कित्येक दिवस, पण लागली की दोन्हीकडे बरं वाटतं.

खर्च शेवटी बरोबर १,०५,६०० च झाला, फुटलेल्या काचा आणि दोन वाढीव बिजागऱ्या-कड्या धरून, आणि २,०२० उरले. विचारलं ह्याचं काय करू, तर उत्तर आलं खिडक्यांना रात्री लावायचे जाड पडदे, नाहीतर दिवसभरात आलेली ऊब काचेतूनच निघून जाते. कापड त्यांनी काझ्यात घेतलं, शिवले त्यांनीच, बिल २,०२० चं नव्हतं, १,९४० चं होतं. ८० रुपये पुढच्या वर्षाच्या पानावर ओढलेत.